ऑस्ट्रेलियात पहिले घर घेणाऱ्या फिलिपिनो कुटुंबाने उपनगर कसे निवडावे

ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या रहिवाशांची संख्या सुमारे दोन लाख ९४ हजार होती. इंग्लंड, भारत, चीन आणि न्यूझीलंड यांच्यानंतर परदेशात जन्मलेल्यांचा हा पाचवा मोठा गट आहे. या समाजातील एखाद्या कुटुंबाने पहिले घर घेण्याचे मनात आणले, की ओळखीच्या लोकांकडून ठरावीक नावे पुढे येतात. सिडनीत ब्लॅकटाउन, डूनसाइड, रूटी हिल आणि माउंट ड्रुइट सुचवली जातात, तर मेलबर्नमध्ये वेरिबी, टार्नीट, सेंट अल्बन्स आणि डिअर पार्क. हा सल्ला वाईट नाही, पण तो अपुरा आहे. आपली माणसे कोठे राहतात यावरून त्यांनी घर घेतले तेव्हा त्यांना काय परवडत होते आणि त्यांची नोकरी कोठे होती एवढेच कळते. आज घर शोधणाऱ्या कुटुंबाचा आठवडा तेथे नीट बसेल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

याच पट्ट्यांत मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने घरे शोधतात आणि पुढील मजकुरातील बराचसा भाग त्यांनाही लागू पडेल. मात्र येथे विचार केला आहे तो फिलिपिनो घराचा, कारण रुग्णालयातील पाळ्या, रविवारची मिस्सा (चर्चमधील सामूहिक प्रार्थना), घरातील आजी-आजोबा आणि मायदेशी दरमहा जाणारे पैसे यांमुळे त्या घराचे गणित वेगळे असते. मराठी वाचकाचा त्या घराशी संबंध सहकारी, शेजारी, सोयरा किंवा कर्जाचा सल्लागार म्हणून येऊ शकतो.

नकाशा उघडण्यापूर्वी

पहिला प्रश्न व्हिसाचा. नागरिक आणि कायम निवासी यांना घर घेण्यासाठी परकीय गुंतवणुकीची परवानगी लागत नाही. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला मात्र १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात, काही अपवाद वगळता, आधी वापरात असलेले घर घेण्यास बंदी आहे. पतिपत्नींपैकी एक नागरिक किंवा कायम निवासी असेल आणि दोघे मिळून समाईक मालक म्हणून घर घेत असतील, तर त्या बंदीची अडचण सहसा येत नाही. पण पहिल्या घरासाठीच्या केंद्र सरकारच्या हमी योजनेखाली (तिचा तपशील पुढे आहे) कर्ज घ्यायचे असेल, तर अर्जावरील प्रत्येक कर्जदार नागरिक किंवा कायम निवासी असावा लागतो. जोडीदार-व्हिसाच्या पहिल्या, तात्पुरत्या टप्प्यावर असलेली दांपत्ये या समाजात बरीच आहेत. त्यांनी अर्ज एकाच्या नावाने करायचा की दुसऱ्याच्या कायम निवासाची वाट पाहायची, हे बँकेशी बोलून आधी ठरवावे, कारण एकाच्या पगारावर मिळणारे कर्ज आणि दोघांच्या पगारावर मिळणारे कर्ज यांत उपनगरांची सगळी यादी बदलून जाते.

दुसरा प्रश्न किमतीच्या मर्यादांचा, आणि त्याच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून पाच टक्के डिपॉझिटच्या हमी योजनेतून उत्पन्नाची अट आणि जागांची मर्यादा काढून टाकण्यात आली. या योजनेत खरेदीदाराकडे पाच टक्के रक्कम असली तरी सरकारच्या हमीमुळे लेंडर्स मॉर्गेज इन्शुरन्सचा, म्हणजे डिपॉझिट कमी असल्यास बँकेच्या संरक्षणासाठी कर्जदाराने भरायच्या विम्याचा, हप्ता वाचतो. घराच्या किमतीची कमाल मर्यादा सिडनीत १५ लाख डॉलर, ब्रिस्बेनमध्ये १० लाख, मेलबर्नमध्ये साडेनऊ लाख, ॲडलेडमध्ये नऊ लाख, पर्थमध्ये साडेआठ लाख आणि नॉर्दर्न टेरिटरीत सहा लाख अशी आहे. हे आकडे वाचून अनेकांचा समज होतो, की तेवढ्या किमतीचे घर आपल्याला झेपते असे सरकारनेच ठरवून दिले आहे. तसे काही नाही. १५ लाखांच्या घरावर पाच टक्के भरले तर १४ लाख २५ हजारांचे कर्ज उरते, आणि सहा टक्के व्याज व ३० वर्षांची मुदत धरली तर त्याचा मासिक हप्ता सुमारे ८,५५० डॉलर येतो. तोच हिशेब आठ लाखांच्या घराला लावला, तर हप्ता सुमारे ४,५५० डॉलर होतो.

स्टॅम्प ड्युटीच्या मर्यादा या योजनेहून वेगळ्या आहेत आणि प्रत्येक राज्याच्या स्वतंत्र आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्या घराला आठ लाखांपर्यंत ड्युटी पूर्ण माफ आहे आणि दहा लाखांपर्यंत उतरती सवलत मिळते. व्हिक्टोरियात माफी सहा लाखांपर्यंत आणि उतरती सवलत साडेसात लाखांपर्यंत आहे. आता मेलबर्नमधील सात लाख ६० हजारांचे जुने घर घ्या. हमी योजनेच्या मर्यादेत ते सहज बसते, डिपॉझिट ३८ हजार डॉलर लागते, पण ड्युटी ४० हजारांहून अधिक भरावी लागते, म्हणजे डिपॉझिटपेक्षाही जास्त. शेजारच्या उपनगरात तसेच घर सात लाखांच्या आत मिळत असेल, तर तो फरक केवळ ६० हजारांचा राहत नाही. म्हणून उपनगरांची यादी करताना प्रत्येक नावापुढे तेथील तीन शयनगृहांच्या घराची अलीकडची विक्री किंमत लिहावी आणि ती ड्युटीच्या कोणत्या टप्प्यात पडते हे नोंदवावे. क्वीन्सलँड आणि साउथ ऑस्ट्रेलिया येथे पहिल्या घरासाठी नवे बांधकाम घेतल्यास ड्युटी माफ आहे. त्यामुळे ब्रिस्बेन किंवा ॲडलेडमध्ये शोध घेणाऱ्याला नव्या वसाहतींचा मोह होणे स्वाभाविक आहे.

मायदेशी पाठवलेल्या पैशांविषयी बँकेशी लपवाछपवी करू नये. आईवडिलांना दरमहा जाणारी रक्कम, धाकट्या भावंडांची फी, मनिलाजवळच्या काविते किंवा लागुना येथे बांधकाम सुरू असलेल्या सदनिकेचा हप्ता हे सारे खात्याच्या उताऱ्यात दिसते आणि बँक ते खर्चात धरते. शिवाय बँकेला प्रत्यक्ष व्याजदराहून तीन टक्के अधिक दर धरून परतफेडीची क्षमता तपासावी लागते. फिलिपिन्समध्ये घर नावावर आहे म्हणून हमी योजनेचा लाभ जात नाही, कारण तिची अट ऑस्ट्रेलियातील मालमत्तेविषयी आहे. त्या घरावरचे कर्ज मात्र उघड करावेच लागते. डिसेंबरमध्ये भेटवस्तूंची बलिकबायन खोकी आणि विमानाची तिकिटे यांचा खर्च वर्षभराच्या सरासरीत धरूनच हप्त्याचा आकडा ठरवावा. जो आकडा उरेल, तो उपनगरांच्या यादीची वरची मर्यादा.

आठवड्याचे वेळापत्रक मांडणे

यानंतर नकाशाऐवजी एक कागद घ्यावा आणि त्यावर घरातील प्रत्येक माणसाचा सोमवार ते रविवार लिहून काढावा. कोणाची कोणती पाळी, मुलांना शाळेत कोण सोडते, आजीला दवाखान्यात कोण नेते, मिस्सा कोठे, बास्केटबॉलचा सराव कोठे. फिलिपिनो समाजात परिचारिका आणि वृद्धसेवेतील कर्मचारी यांचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि त्यांच्या दृष्टीने उपनगराची परीक्षा सकाळी नऊ वाजता शहरात पोहोचणाऱ्या गाडीने होत नाही; ती रविवारी सकाळी सातच्या पाळीने आणि रात्री साडेनऊनंतर सुटणाऱ्या माणसाच्या परतीच्या प्रवासाने होते.

मेलबर्नच्या पश्चिमेचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेट्रो टनेल हा भुयारी रेल्वेमार्ग सुरू झाला आणि सनबरी मार्ग क्रॅनबर्न व पाकेनहॅम मार्गांना शहराच्या पोटातून जोडला गेला. सेंट अल्बन्स किंवा सनशाइन येथे गाडीत बसलेली परिचारिका आता गाडी न बदलता पार्कव्हिलला उतरते, जेथे रॉयल मेलबर्न, रॉयल विमेन्स आणि पीटर मॅकॅलम ही रुग्णालये एकमेकांजवळ आहेत. टार्नीटचे स्थानक मात्र २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रादेशिक मार्गावर आहे. तेथून जाणाऱ्या व्हीलाइन या प्रादेशिक रेल्वेसेवेच्या डिझेल गाड्या जिलाँगच्या प्रवाशांसह येतात आणि गर्दीच्या वेळी उभे राहायलाही अडचण होते. ट्रुगनिनाला स्वतःचे स्थानकच नाही. याचा अर्थ टार्नीट किंवा ट्रुगनिना वाईट असा नव्हे. वेरिबी मर्सी रुग्णालयात काम करणाऱ्या आणि स्वतःची मोटार असणाऱ्या व्यक्तीला ती अगदी सोयीची आहेत. पण पार्कव्हिलच्या नोकरीसाठी सेंट अल्बन्समधील जुने, थोडे लहान घर टार्नीटच्या नव्या, ऐसपैस घराहून अधिक उपयोगाचे ठरू शकते. मेलबर्नमध्ये रात्रभर गाड्या धावतात त्या फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, हेही पाळीच्या कागदावर लिहून ठेवावे.

सिडनीत वेस्टर्न मार्गावर ब्लॅकटाउन, डूनसाइड, रूटी हिल आणि माउंट ड्रुइट ही स्थानके ओळीने येतात, आणि त्याच मार्गावर शहराच्या दिशेने पुढे वेस्टमीड लागते. वेस्टमीड किंवा ब्लॅकटाउन रुग्णालयात काम करणाऱ्यांची येथे वस्ती का झाली, हे मार्ग पाहताच कळते. उलट मार्सडन पार्कसारख्या नव्या वसाहतीत घर मोठे मिळते, पण तेथे रेल्वे नाही. दोन नोकऱ्या म्हणजे दोन मोटारी, आणि एम सेव्हन या द्रुतगती मार्गावरून जायचे असेल तर टोलही. दुसऱ्या मोटारीचा वर्षभराचा खर्च हप्त्यात मिळवून पाहिल्याशिवाय स्वस्त घर स्वस्त आहे असे म्हणू नये.

वेळापत्रक कागदावर जुळले, तरी पाळीच्या खऱ्या वेळी एकदा तो प्रवास करून पाहावा. रविवारी रुळांची दुरुस्ती असली की गाड्यांऐवजी बस सोडल्या जातात, आणि या एका अनुभवाने पुष्कळ गैरसमज दूर होतात. एजन्सीमार्फत निरनिराळ्या रुग्णालयांत पाळ्या करणाऱ्यांनी एखाद्या रुग्णालयाच्या शेजारी राहण्यापेक्षा दोन मार्ग जेथे मिळतात अशा स्थानकाजवळ राहणे बरे.

चर्च, शाळा आणि घरातील वडीलधारी

माझ्या मते आपल्या लोकांच्या वस्तीचे मोल ठरवताना एक साधा निकष लावावा: ज्या गोष्टीसाठी आठवड्यातून एकदा जायचे, तिच्यासाठी वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर चालते, जिच्यासाठी पाच वेळा जायचे, तिच्यासाठी चालत नाही. पानदेसाल विकणारी बेकरी, फिलिपिनो किराणा, टागालोग या फिलिपिनो भाषेतील मिस्सा या पहिल्या प्रकारातल्या गोष्टी आहेत. १६ ते २४ डिसेंबरपर्यंतच्या सिम्बांग गाबीच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या, नऊ मिस्सा सलग असतात हे खरे, पण नऊ दिवसांसाठी वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा प्रवास कोणी वाढवू नये.

या निकषाला मोठा अपवाद आहे तो आजीचा. फिलिपिनो घरात नातवंडे सांभाळण्यासाठी लोला, म्हणजे आजी, येऊन राहते, कधी पाहुण्यांच्या व्हिसावर, कधी पालकांसाठीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, आणि बहुतेक वेळा ती मोटार चालवत नाही. तिच्यासाठी चर्च, डॉक्टर आणि भाजी चालत जाण्याच्या अंतरावर असणे ही चैन नाही. मुलगा आणि सून दोघेही पाळीवर गेल्यावर नव्या वसाहतीत, जेथे पदपथ अर्धवट आहेत आणि बस तासाने येते, ती दिवसभर घरात कोंडली जाते. अशा घराने डूनसाइड, सेंट अल्बन्स यांसारख्या जुन्या, स्थानक आणि दुकाने जवळ असलेल्या उपनगरांनाच प्राधान्य द्यावे, मग घर थोडे जुनाट असले तरी चालेल.

जुन्या उपनगरांचा आणखी एक फायदा भूखंडाच्या आकारात आहे. न्यू साउथ वेल्समध्ये जलद मंजुरीच्या मार्गाने ६० चौरस मीटरपर्यंतचा ग्रॅनी फ्लॅट (त्याच आवारातील छोटे दुसरे घर) बांधायचा तर भूखंड किमान ४५० चौरस मीटरचा लागतो. व्हिक्टोरियात ३०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर, विशेष निर्बंध नसतील तर, ६० चौरस मीटरपर्यंतचे छोटे दुसरे घर नियोजन परवान्याशिवाय बांधता येते. बांधकामाचा परवाना मात्र घ्यावाच लागतो. नव्या वसाहतींतील अनेक भूखंड या मर्यादांपेक्षा लहान असतात आणि त्यांवर विकासकाचे स्वतःचे निर्बंधही असतात. आईवडिलांना पुढेमागे कायमचे आणायचा विचार असेल, तर आज जमिनीला अधिक महत्त्व द्यावे आणि स्वयंपाकघराच्या चकचकीत फरशीला कमी. तळमजल्यावर एक शयनगृह आणि न्हाणीघर हवे, हे तर वेगळे सांगायला नको.

शाळेबाबत क्रम उलटा करू नये. कॅथलिक शाळेत प्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागतात आणि अनेक ठिकाणी धर्मग्रामातील, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतील, कुटुंबांना प्राधान्य असते, पण जागा भरलेल्या असतील तर पत्ता असूनही उपयोग होत नाही. म्हणून घरावर बोली लावण्यापूर्वी शाळेच्या कार्यालयात कोणत्या वर्षासाठी जागा आहे आणि फी किती आहे हे विचारावे. सरकारी शाळेचे क्षेत्र व्हिक्टोरियात आणि न्यू साउथ वेल्समध्ये राज्य सरकारच्या संकेतस्थळावर पत्ता घालून पाहता येते. नवी शाळा उघडली की ही क्षेत्रे बदलतात, त्यामुळे वाढत्या भागात केवळ सध्याच्या सीमारेषेसाठी जादा पैसे मोजणे धोक्याचे.

पाणी, ऊन आणि माती

ज्यांनी २००९ च्या सप्टेंबरमध्ये ओंदॉय वादळात मनिलाजवळचे मारिकिना शहर बुडताना पाहिले आहे, त्यांना पूर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही; पण ऑस्ट्रेलियातील पूर अनेकदा कोरड्या दिसणाऱ्या जमिनीवर येतो. हॉक्सबरी-नेपियन खोऱ्यात २०२१ आणि २०२२ मध्ये विंडसरचा परिसर पाण्याखाली गेला, मेलबर्नमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅरिबिर्नाँग नदी घरांत शिरली आणि ब्रिस्बेनमध्ये २०११ चे दृश्य २०२२ मध्ये पुन्हा दिसले. कौन्सिलचा पूरनकाशा पाहावा, न्यू साउथ वेल्समध्ये करारासोबतचा कलम १०.७ चा दाखला आणि व्हिक्टोरियात विक्रेत्याचे कलम ३२ चे निवेदन कन्व्हेयन्सरकडून (खरेदी-विक्रीची कायदेशीर कागदपत्रे पाहणाऱ्याकडून) वाचून घ्यावे. त्याहूनही सोपी परीक्षा म्हणजे त्या नेमक्या पत्त्यासाठी विम्याचा हप्ता विचारणे. दोन रस्ते सोडून असलेल्या घरांच्या हप्त्यांत मोठी तफावत आढळली, तर त्यामागे कारण असते.

पश्चिम सिडनीत उन्हाचाही विचार करावा लागतो. पेनरिथला ४ जानेवारी २०२० रोजी ४८.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. काळे छप्पर, बिनझाडांचा रस्ता आणि भिंतीला भिंत लागलेली घरे असलेल्या वसाहतीत जानेवारीतील दुपारी तीन वाजता दहा मिनिटे उभे राहावे. मनिलाच्या उकाड्याची सवय येथे उपयोगी पडत नाही, कारण हे ऊन कोरडे असते.

मेलबर्नच्या पश्चिमेला जमिनीखाली बेसाल्ट आणि वर फुगणारी-आकसणारी चिकणमाती आहे. घर आणि जमीन असे एकत्रित पॅकेज घेताना पायाचा आणि खडक फोडण्याचा खर्च करारात निश्चित आहे की पुढे वाढू शकतो, हे लेखी घ्यावे. जुने घर असेल, तर भिंतींतील तिरक्या भेगा आणि न लागणारी दारे पाहणाऱ्या तज्ज्ञाची फी वाचवू नये.

प्रत्यक्ष चौकशी

राष्ट्रीय सांख्यिकी ब्युरोच्या संकेतस्थळावर प्रत्येक उपनगराची जनगणनेतील माहिती विनामूल्य मिळते. तेथे घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांत टागालोग आणि फिलिपिनो यांची नोंद वेगवेगळी असते. दोन्हींची बेरीज केली नाही, तर समाज निम्माच दिसतो. गुन्ह्यांविषयी न्यू साउथ वेल्समध्ये गुन्हे-सांख्यिकी ब्युरोचे आणि व्हिक्टोरियात राज्याच्या गुन्हे-सांख्यिकी संस्थेचे आकडे पाहावेत. माउंट ड्रुइटसारख्या नावाला चिकटलेली जुनी बदनामी तपासून घ्यावी, तिच्यावर विश्वासही ठेवू नये आणि तिला हसण्यावारीही नेऊ नये. एकाच उपनगरात स्थानकाच्या दोन बाजूंना वेगवेगळी स्थिती असू शकते, म्हणून शुक्रवारी रात्री आणि कामाच्या दिवशी सकाळी, अशा दोन्ही वेळी पायी फिरून पाहावे.

एक गोष्ट थोडी अप्रिय आहे, तरी लिहितो. आपल्याच समाजातील दलाल, जो मिस्सेनंतर कॉफीला भेटतो आणि कर्ज, भूखंड, बिल्डर सारे एकाच ठिकाणी जुळवून देतो, त्याला बिल्डरकडून किती दलाली मिळते हे विचारायला संकोचू नये. हा संकोच मराठी मंडळींतही असतोच. दलाल प्रामाणिक असेल, तर उत्तर देईल. कन्व्हेयन्सर मात्र त्याने सुचवलेला नको, स्वतः शोधलेला असावा. जाहिरातीतील नियोजित टाउन सेंटर, नियोजित स्थानक आणि नियोजित शाळा यांपैकी ज्यासाठी सरकारी निधी मंजूर होऊन काम सुरू झाले आहे तेवढेच मोजावे.

यादी दोन-तीन उपनगरांवर आली, की तेथील लिलाव काही शनिवार केवळ पाहावेत, म्हणजे जाहिरातीतील अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री यांतील अंतर लक्षात येते. लिलावात घेतलेल्या घराला करार रद्द करण्याची मुदत नसते. खासगी वाटाघाटीने घेतल्यास न्यू साउथ वेल्समध्ये पाच आणि व्हिक्टोरियात तीन कामकाजाचे दिवस मिळतात. माघार घेतल्यास किमतीचा अल्प हिस्सा मात्र गमवावा लागतो.

दूरचे स्वस्त उपनगर "आधी घेऊन ठेवू, मग भाड्याने देऊ" या बेताने निवडणाऱ्यांनी अटी वाचून घ्याव्यात. ड्युटीची सवलत घेतल्यास न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन्ही राज्यांत बारा महिन्यांच्या आत राहायला जावे लागते आणि सलग बारा महिने तेथे राहावे लागते. केंद्राच्या हमी योजनेत तर कर्ज हमीखाली असेपर्यंत घरात स्वतः राहणे अपेक्षित आहे, आणि पाच टक्क्यांवर घेतलेले कर्ज हमीतून बाहेर पडायला बरीच वर्षे लागू शकतात. तेवढी वर्षे तेथून पाळीवर जायचे आहे असे धरूनच त्या उपनगराकडे पाहावे.